दचकलेल्या पेशी

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भिंगरीच्या पेशी उजळल्या. त्यानंतरच्या अर्ध्या तासात तिने काय काय केलं, हे तिला स्वतःला काही धड सांगता आलं नसतं. इतरांनी पाहिलं ते असं. ती मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडली, दार लावायला विसरली, परत जाऊन लावून आली आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पळत गेली. तिथे पोचल्यावर आपण कुठे निघालो होतो ते आठवेना, म्हणून तशीच पळत परत आली आणि वाटेत भेटलेल्या सफाईवाल्या मावशींना तिने कडकडून मिठी मारली. मावशींच्या हातात ओलं फडकं होतं. त्याचा पंजाएवढा डाग भिंगरीच्या पाठीवर उमटला आणि तो तिने दिवसभर मिरवला.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. पण प्रयोगशाळेत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते तिला चिकटलं आणि पुढे कागदावरचं नाव लोक विसरून गेले. ती चालायची भरभर, जेवायची भरभर, आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी स्वतःच पुरं करायची. जीभ पोळली नाही तर आपण चहा प्यायलो असं तिला वाटत नसे. अशा बाईला देवाने काय शिक्षा द्यावी, तर पाच वर्षं एका बंद दारासमोर उभं करावं.

हे दार डोळ्यांना दिसणारं नव्हतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पोटात एक पिशवी असते आणि तिच्यात कॅल्शियम साठवलेलं असतं. हाडांत असतं तेच कॅल्शियम, पण इथे त्याला निरोप्याचं काम. पिशवीला बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की कॅल्शियम बाहेर धावतं आणि पेशीला कळतं, आता आखडायचं, आता पाझरायचं, आता वाढायचं. यातली काही दारं जगाला ठाऊक आहेत. भिंगरीचं म्हणणं असं, की आणखी एक आहे, आजवर कोणाच्याही नजरेत न आलेलं, आणि ते एका ठरावीक रेणूनेच उघडतं.

दार दिसत नसलं तरी दारातून बाहेर पडणारी गर्दी दाखवता येते. त्यासाठी पेशींना आधी एक रंग पाजतात. कॅल्शियम भेटलं की तो रंग हिरवा चमकतो. पेशी ज्या खारट पाण्यात ठेवतात, त्याला बफर म्हणतात. त्यातलं कॅल्शियम आधीच काढून टाकायचं, म्हणजे जे चमकेल ते आतूनच आलेलं असणार. मग डिशमध्ये रेणूचा थेंब सोडायचा आणि पडद्याकडे बघत बसायचं. भिंगरी पाच वर्षं बघत बसली होती. कधी पेशी मरायच्या, कधी रंग उडायचा, तर कधी रेणूच सडका निघायचा. शेवटी एका रसायनवाल्या मैत्रिणीने महिनाभर खपून शुद्ध रेणू बनवून दिला. तो इतका थोडा, की जेमतेम तीन प्रयोगांना पुरेल.

त्यातला पहिला सोमवारी वापरला. पिपेटच्या बारीक नळीतून थेंब सुटला आणि क्षणात सगळा पडदा हिरवागार.

भिंगरीने मॅडमना ओढतच आणलं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांना हसताना पाहिलेला एकच माणूस होता, आणि तोही निवृत्त झाला होता. त्यांनी रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि हसल्या. मग लगेच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. याला कारण होतं. भिंगरीची शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपत होती. दार आहे हे तिने दाखवलं तर समिती आणखी एक वर्ष देणार होती. नाही दाखवलं, तर पाच वर्षांचं गाठोडं बांधून घरी बसायचं. अध्यक्ष फोनवर म्हणाले, शुक्रवारी अकराला येतो, माझ्या डोळ्यांनी बघतो आणि तिथेच सही करतो.

मग काय विचारता! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे तर नवरीच उतावळी. दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या नवऱ्याला तिने चार वेळा फोन केला, त्यातले दोन तो बैठकीत असताना. रसायनवाल्या मैत्रिणीला कळवलं, शाळेतल्या बाईंना कळवलं, आणि घराखालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनाही कळवलं, ज्यांना तिने त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं. घरी सासूबाईंना तर तिने हात धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घ्यायला लावल्या. सासूबाईंनी आधी गॅस बंद केला आणि मग गिरक्या घेतल्या.

मंगळवारी सकाळी ती मायक्रोस्कोपच्या खोलीत शीळ घालत शिरली. तिथले तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. पंचवीस वर्षं काळ्या पडद्याआड काढलेल्या या गृहस्थांना सगळे अंधारकाका म्हणत. ते कमी बोलत आणि एक जाडजूड वही ठेवत. वहीच्या प्रत्येक पानावर दोन रकाने. एकावर लिहिलेलं ‘औषध’, दुसऱ्यावर ‘नुसतं’. औषध म्हणजे तपासायचा तो रेणू, आणि नुसतं म्हणजे ज्यात काहीही घातलेलं नाही असं कोरं बफर. तेवढंच, त्याच पिपेटने, त्याच हाताने सोडायचं. त्याने पेशी गप्प राहिल्या, तरच औषधाने उजळल्या याला काही अर्थ. दुसरा रकाना भरल्याशिवाय त्या मजल्यावर कोणाचाही शोध शोध धरला जात नसे, मॅडमचासुद्धा नाही.

“नुसतं केलंस का?” अंधारकाकांनी विचारलं.

भिंगरीची शीळ थांबली. पाच वर्षांत तिने ‘नुसतं’ शंभरदा केलं होतं. तेव्हा औषधानेच काही होत नव्हतं, मग नुसत्याने काय होणार? आणि काल, जेव्हा खरंच करायला हवं होतं, तेव्हा ती मावशींना मिठी मारत फिरत होती. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. करते की आत्ता, दोन मिनिटांचं काम, असं म्हणत तिने नवी डिश लावली, दिवा घालवला आणि कोरं बफर सोडलं.

क्षणात सगळा पडदा हिरवागार.

तिला वाटलं, बाटली चुकली. बाटली बदलली. हिरवागार. पिपेट बदललं, पेशी बदलल्या, बफर ताजं बनवलं. सहा डिश झाल्या आणि सहाही एखाद्या जत्रेसारख्या झगमगल्या. अंधारकाकांनी ‘नुसतं’च्या रकान्यात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सहा वेळा ‘उजळल्या’ असं लिहिलं. सहाव्या वेळी भिंगरीला हसू फुटलं, आणि ते असं की थांबेना. ती टेबलाला धरून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. रडण्याइतकंच ते हसणं वाईट होतं, पण होतं हसणंच. काकांनी तिला प्यायला पाणी दिलं तर म्हणते कशी, मला नको, यांना द्या, यांना पाणीसुद्धा चालतं.

“चालत नाही, दचकतात त्या,” काका म्हणाले. “तुझा हात बघितला मी. तू थेंब सोडत नाहीस, पिचकारी मारतेस.”

आणि ते खरं होतं. पेशीला धार लागली की ती दचकते. दचकली की तिच्यातलं काहीबाही बाहेर सांडतं, ते शेजारणीला लागतं आणि शेजारीणही दचकते. एक कावळा ओरडला की सगळं झाड ओरडतं, तसलाच प्रकार. आजवरच्या पेशी मठ्ठ, धार लागली तरी झोपलेल्या; या खेपेला नव्याने आणलेल्या भलत्याच हळव्या निघाल्या. हे दचकणंसुद्धा आतल्याच पिशवीतून उजळतं, म्हणून बाहेरचं कॅल्शियम काढून उपयोग नव्हता. फक्त ते वेगळ्या, सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या दारातून यायचं. म्हणजे सोमवारी भिंगरीने शोध लावला तो स्वतःच्या धसमुसळेपणाचा. द्रव हलकेच सोडणारा पंप होता, नाही असं नाही, पण त्याच्या नळ्या भरायलाच वाटीभर औषध लागलं असतं. तिच्याकडे उरले होते दोन थेंब.

मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत ती तीनदा गेली आणि तीनदा परत आली. एक विचार मनात येऊन गेलाच. शुक्रवारी नुसतं सोमवारचं रेकॉर्डिंग दाखवलं तर? कोण विचारणार आहे? मग तिला ती वही आठवली, त्यातलं ते सुबक अक्षर आठवलं आणि ती चौथ्यांदा गेली ती दार ढकलूनच. मॅडमनी सगळं ऐकलं. हसू तर गेलंच, पण त्या रागावल्याही नाहीत, आणि भिंगरीला रागावलेलं परवडलं असतं.

“ते शुक्रवारी येणार,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना दार दाखवा, नाहीतर दार नाही असं सांगा. तिसरं काही माझ्या प्रयोगशाळेत चालणार नाही.”

आता भिंगरीच्या घराकडे वळू. तिच्या सासूबाई चौतीस वर्षं लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, लस टोचायच्या कामावर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बाई प्रेमळ, पण संथ. कुलूप लावायला त्यांना पाच मिनिटं लागत आणि ते ओढून बघायला आणखी पाच. सशाने कासवाच्या घरी सून म्हणून यावं तशी भिंगरीची गत झाली होती. रोज सकाळी दाराशी बूट घालून ती उड्या मारत असायची आणि सासूबाई डब्याचं झाकण चारही बाजूंनी दाबून बघत असायच्या. यावरून दोघींचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच.

मंगळवारी संध्याकाळी भिंगरी घरी आली ती पाय ओढत. सासूबाईंनी तिला पाय ओढताना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना वाटलं कुठे मुरगळला. मग टेबलाशी बसून भिंगरीने सगळं सांगितलं, पेशी, पिशवी, दार, दचकणं आणि दोन थेंब. सासूबाईंनी पेशींबद्दल, पिशवीबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

“किती जोरात ढकलतेस?”

“जोरात नाही हो आई. नेहमीसारखंच.”

“म्हणजे जोरात,” सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यांनी गाळणीतली वापरलेली चहा-पत्ती एका पांढऱ्या बशीत टाकली, वर पाणी ओतलं आणि पत्ती तळाशी बसेपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणं त्यांना जमायचंच. मग म्हणाल्या, घाल यात आणखी पाणी, पण एकही कण जागचा हलता कामा नये. भिंगरीने बॅगेतून पिपेट काढलं, भरलं, सोडलं. बशीत वावटळ उठली. सासूबाईंनी पिपेट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, भरलं, टोक बशीच्या कडेला टेकवलं आणि भिंगरी बघतच राहिली. पिपेट रिकामं झालं होतं, बशीतलं पाणी चढलं होतं आणि पत्ती होती तिथेच झोपली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

“मध्ये नाही सोडायचं, कडेला टेकवायचं. भिंतीवरून उतरू दे,” त्या म्हणाल्या. “आणि अंगठ्याने ढकलू नकोस. अंगठा फक्त ठेव. त्याचं त्याला जाऊ दे.”

बुधवारी भिंगरीने रजा टाकली आणि दिवसभर बशीसमोर बसली. सकाळी वावटळी उठत होत्या. दुपारी नुसत्या झुळका उठू लागल्या. चार वाजता पहिल्यांदा एकही कण हलला नाही, तेव्हा ती आनंदाने ओरडून उठली आणि टेबलाला धक्का लागून बशीच उपडी झाली. सासूबाईंनी टेबल पुसलं, नवी पत्ती आणली. त्या दिवशी घरात अकरा वेळा चहा झाला, कारण पत्ती लागत होती. दोघी प्यायच्या तरी किती? शेवटी दाताच्या डॉक्टरांना वर बोलावलं आणि त्यांनाही दोन कप पाजले. तेही आनंदाने आले. शोधाबद्दल त्यांना अजून सोमवारचंच ठाऊक होतं आणि ते सारखं अभिनंदन करत होते. संध्याकाळी सहापर्यंत दहापैकी नऊ वेळा पत्ती झोपलेली राहू लागली.

गुरुवारी अंधाऱ्या खोलीत तिने कोरं बफर कडेने उतरवलं. पडदा काळा. पुन्हा एकदा. काळा. तिसऱ्यांदाही काळा. काळ्या पडद्याने कोणाला इतका आनंद दिला नसेल. काकांनी ‘नुसतं’च्या रकान्यात तीनदा ‘गप्प’ लिहिलं, आणि भिंगरीला वाटलं, झालं, जिंकलो आपण. कानात वारं शिरलं. पाय टेबलाखाली नाचायला लागले, श्वास भरभर येऊ लागला आणि त्याच भरात तिने औषधाचा दुसरा थेंब उचलला, कडेला टेकवला आणि अंगठा सुटला. क्षणात सगळा पडदा हिरवागार. आता हे औषधाने की धक्क्याने, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. काकांनी ‘औषध’च्या रकान्यात लिहिलं, ‘दचकल्या’.

एक थेंब उरला.

संध्याकाळी सासूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिच्यासमोर ताट ठेवलं. अर्धं जेवण झाल्यावर भिंगरीच बोलली. म्हणाली, भीती वाटत असते तेव्हा माझा हात नीट चालतो. सगळं छान व्हायला लागलं की सुटतो. मला आनंद झाला की मी कामाची राहत नाही हो आई, आणि उद्या मला आनंद होऊ नये अशी प्रार्थना करू का मी आता?

सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, सरळ केला.

“आनंद व्हायचाच. अंगात मावला नाही तर कुठून तरी बाहेर पडायचाच. फक्त हातातून पडू देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “पायाची बोटं हलव. बुटात कोणाला दिसतंय? मी चौतीस वर्षं हलवली.”

भिंगरी घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्हाला व्हायचा आनंद? टोचताना?”

“समोर बाळं असायची गं. रोज व्हायचा.”

सहा वर्षं या बाईबरोबर एका घरात काढली आणि हे आपल्याला माहीत नव्हतं, याची भिंगरीला लाज वाटली. संथ हात, संथ पाऊल, आणि बुटांच्या आत एक भिंगरी. तिला एकदम सासूबाईंना मिठी मारावीशी वाटली आणि तिने मारलीही, खरकट्या हाताने. सासूबाईंनी नंतर पदर धुवायला टाकला, पण तक्रार केली नाही.

शुक्रवारी अकराला अध्यक्ष आले. माणूस पंच्याहत्तरीचा, देहाने अगडबंब, आवाजाने त्याहून मोठा. त्यांना बसायला अंधारकाकांनी पंचवीस वर्षांत प्रथमच आपलं स्टूल दिलं. दार लावलं, दिवा घालवला, आणि त्या कपाटाएवढ्या खोलीत अध्यक्ष, मॅडम, काका आणि भिंगरी असे चौघे एकमेकांचे श्वास ऐकत बसले. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या, कारण भिंगरी तो घरीच विसरली होती. त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये मावशींशेजारी बाकावर बसल्या.

अध्यक्षांना अंधार मानवला. त्यांना त्यांचं तरुणपण आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत त्यांनी एका संप्रेरकाने पेशी उजळतात हे दाखवलं होतं. त्याचा आलेख आजही पाठ्यपुस्तकात छापलेला होता. भिंगरीने तो परीक्षेत दोनदा काढला होता, एक सपाट रेघ आणि मग भिंतीसारखी सरळ वर गेलेली. ते रंगात येऊन सांगत होते, या हातात पिपेट, इकडे टाकलं आणि तिकडे क्षणात, असं म्हणून त्यांनी अंधारात चुटकी वाजवली. भिंगरीने तोवर कोरं बफर कडेने उतरवलं होतं.

“टाका की मग,” अध्यक्ष म्हणाले.

“टाकलं. हे नुसतं होतं,” भिंगरी म्हणाली. “काही झालं नाही, हेच दाखवायचं होतं.”

अध्यक्ष हुं म्हणाले. तिने शेवटचा थेंब पिपेटमध्ये घेतला. पडदा काळाभोर होता, पेशी गाढ होत्या, सगळं छान चाललं होतं, आणि नेमकं तेव्हाच तिला वाटू लागलं, होणार, आज होणार. छातीत काहीतरी उधळलं. ते तिने खाली पाठवलं, पोटातून, गुडघ्यांतून, बुटात. बोटं बुटात धिंगाणा घालू लागली. वर हात होता तिथेच होता. टोक कडेला टेकलं. अंगठा नुसता ठेवलेला.

अध्यक्ष पुन्हा चाळीस वर्षं मागे गेले होते. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, चला, टाका आता, मला एक वाजता जायचंय.

“टाकलंय सर. वीस सेकंदं झाली.”

पडदा काळाच होता. तीस झाली. मॅडमच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. चाळीस झाली आणि भिंगरीच्या मनात आलं, दार नाहीच वाटतं. पाच वर्षं मी भिंतीवर टकटक करत होते. त्रेचाळीस.

चव्वेचाळिसाव्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यातली एक पेशी मंद हिरवी झाली. सगळी नाही, आधी मधोमध. मग ती भरत गेली, भरून राहिली आणि विझली. पुन्हा भरली. तेवढ्यात तिच्यापासून दूर, काही संबंध नसलेली दुसरी एक पेटली. मग उजवीकडे तिसरी. ही काही जत्रा नव्हती. इथे प्रत्येकीची वेळ वेगळी होती. एक विझताना दुसरी भरत होती आणि कोणीही कोणामुळे दचकलेली नव्हती. बाहेर कॅल्शियमचा कण नाही, धक्का नाही, धार नाही. हे आतून येत होतं, आणि नव्या दारातून येत होतं.

“आली गं,” अंधारकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मॅडमनी टेबल समजून अध्यक्षांचा दंड घट्ट धरला होता आणि त्या तो हलवत होत्या. अध्यक्ष स्टुलासकट पुढे सरकले. नवल म्हणजे, भिंगरी तेवढी गप्प होती. पिपेट तिने जागेवर ठेवलं, नीट, टोक वर करून. मग ती उठली आणि बाहेरून सासूबाईंना हाताला धरून आत घेऊन आली. सासूबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पेशी भरत होत्या, विझत होत्या. त्यांनी आपल्या संथपणे खूप वेळ पाहिलं, पण त्या हिरव्या उजेडात भिंगरीने खाली नजर टाकली तर चपलांमध्ये दहाच्या दहा बोटं नाचत होती. मग मात्र भिंगरीने सगळं सोडून दिलं आणि ती हसत सुटली. या वेळचं हसणं चांगलं होतं.

हसणं ओसरल्यावर अध्यक्षांनी सोमवारचं रेकॉर्डिंग मागितलं. भिंगरीने ते लावलं आणि जे होतं ते सांगितलं. म्हणाली, हे दार नाही सर, ही माझी पिचकारी. या दचकल्यात. मॅडमनी तुम्हाला फोन केला तो यावरूनच, त्यांची चूक नाही, ‘नुसतं’ करायचं मी विसरले होते.

“किती वेळात उजळल्या या?” अध्यक्षांनी विचारलं.

“एका सेकंदाच्या आत. सगळ्या एकदम.”

“आणि आजच्या चव्वेचाळीस सेकंदांनी. एकेकटीने.”

“हो.”

अध्यक्षांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, मघाशी चुटकी वाजवलेला. त्या हाताकडे ते बघत होते. खोलीत सगळ्यांना एकाच वेळी कळलं, आणि कोणालाच कुठे बघावं ते कळेना.

“आम्ही ‘नुसतं’ केलं नव्हतं,” ते म्हणाले. “तेव्हा कोणी करत नसे.”

आणि मग ते हसायला लागले. आधी पोट हललं, मग स्टूल हललं, मग टेबल, आणि टेबलावरची डिश हलली तशा उरलेल्या सगळ्या पेशी एकदम दचकून हिरव्यागार झाल्या. ते पाहून तर त्यांना श्वासच घेता येईना. अंधारकाकांनी त्यांना पाणी दिलं.

मॅडमच्या केबिनमध्ये त्यांनी एक वर्षाच्या कागदावर सही केली. ‘वर्षभरात करावयाचे काम’ अशी खाली रिकामी जागा होती, तिथे ते स्वतःच्या हाताने बराच वेळ लिहीत बसले आणि कागद भिंगरीकडे सरकवला. पहिल्या ओळीत तिचं दार नव्हतं. तिथे त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा प्रयोग होता, तेच संप्रेरक, त्याच पेशी, आधी नुसतं बफर, कडेने, आणि हात हिचाच.

भिंगरीने ते वाचलं. वर्ष मिळाल्याच्या आनंदाने तिचे पाय अजून जमिनीला लागत नव्हते, आणि त्याच वेळी या अगडबंब म्हाताऱ्याची तिला काळजीही वाटली.

“आणि ते दचकणंच निघालं तर, सर?”

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि उठायला मॅडमच्या टेबलाचा आधार घेतला.

“तर सांगायला तुम्हीच या,” ते म्हणाले. “आज थेंब सोडलात ना, तसं सांगा. मला कळायच्या आत सांगून झालेलं असू दे.”